ग्रे संकेतमाला

ग्रे संकेतमाला ही ० आणि १ या द्विमान अंकांची अशी मांडणी आहे, की तिच्यातील लगतच्या कोणत्याही दोन पदांत केवळ एकाच स्थानावरील अंक बदलतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे संशोधक फ्रँक ग्रे यांनी १९४७ मध्ये पेटंटसाठी केलेल्या अर्जात तिला ‘परावर्तित द्विमान संकेत’ म्हटले होते. पेटंट १९५३ मध्ये मंजूर झाले. मात्र त्याच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकात, फ्रेंच अभियंता एमिल बोदो यांच्या तारायंत्रात अशी रचना वापरात आली होती.

गरज

यंत्राच्या फिरत्या दांड्याचा कोन मोजण्यासाठी त्यावर संकेत कोरलेली चकती बसवतात. साध्या द्विमान पद्धतीत ३ (०११) नंतर ४ (१००) येताना तिन्ही अंक बदलतात. ते नेमके एकाच क्षणी बदलतील, याची शाश्वती नसते. मधल्याच क्षणी वाचन झाले, तर ० किंवा ७ असे भलतेच उत्तर मिळू शकते. ग्रे संकेतात एकच अंक बदलत असल्याने वाचन मागचे तरी येते, नाहीतर पुढचे.

क्रमनिर्मिती

एका अंकाचा क्रम ०, १ असा आहे. तो उलटा लिहून मूळ क्रमापुढे जोडावा. मूळ पदांच्या डावीकडे ० आणि उलट्या पदांच्या डावीकडे १ लिहावा. यातून ००, ०१, ११, १० हा क्रम मिळतो. हीच कृती पुन्हा केल्यास:

०००, ००१, ०११, ०१०, ११०, १११, १०१, १००

सांध्यावरील दोन पदे एकमेकांची प्रतिबिंबे असल्याने त्यांच्यात फरक पडतो तो केवळ नव्या अंकाचा. शेवटचे पद आणि पहिले पद यांतही एकच अंक वेगळा आहे, म्हणून चकतीची फेरी निर्वेध पूर्ण होते.

ही रीत समजण्यास सोपी, पण २० अंकांसाठी १०,४८,५७६ पदे साठवावी लागतात. त्यामुळे एखादेच पद हवे असल्यास आज्ञावलीत थेट सूत्र वापरतात: संख्या एक घर उजवीकडे सरकवावी आणि मूळ संख्येशी तिची ‘एक्सॉर’ क्रिया करावी. या क्रियेत भिन्न अंकांचे उत्तर १, समान अंकांचे ०. उदाहरणार्थ, ६ म्हणजे ११०, सरकवून ०११, उत्तर १०१.

उलट रूपांतरात विद्यार्थी हमखास चुकतात. पहिला अंक तसाच ठेवून पुढील प्रत्येक ग्रे अंकाची क्रिया नुकत्याच मिळालेल्या द्विमान अंकाशी करायची असते, आधीच्या ग्रे अंकाशी नव्हे. १०१ वरून योग्य रीतीने ११० मिळते. चुकीच्या रीतीने १११, म्हणजे ६ ऐवजी ७.

ग्रे संकेतात स्थानांना ठरावीक किंमत नसते. त्यामुळे बेरीज-वजाबाकीपूर्वी संख्या साध्या द्विमान रूपात आणणे सोयीचे ठरते.