विहिरीतली मोटार आणि दहावीचं विज्ञान : लेकरांना मोबाईलवर फुकट काय मिळतं, कुठं मिळतं?

राजूर (ता. भोकरदन) : मागच्या हंगामातली गोष्ट. कपाशीला पाणी देऊन संध्याकाळी घरी आलो, तर दहावीतली लेक पुस्तक घेऊन बसलेली. म्हणाली, "पप्पा, विद्युत चलित्र म्हणजे काय हो?" मी म्हणलं, बाई, असलं काही आपण ऐकलेलं नाही. मग तिनं पुस्तकातली आकृती दाखवली. तारेचं वेटोळं, दोन बाजूंना चुंबक, खाली बॅटरी. दोन मिनिटं बघत बसलो अन् डोक्यात उजेड पडला. अरे, ही तर मोटार! वीस वर्षं झाली, रोज चालू-बंद करतो. दोनदा जळाली म्हणून रिवाइंडिंगला घेऊन गेलो. पण पुस्तकात तिचं नाव बदललं की ओळख पटेना.

लेकीला विचारलं, वर्गात दाखवली नाही का? म्हणाली, फळ्यावर आकृती काढली, वहीत उतरवून घेतली. यात शिक्षकांना दोष देऊन भागत नाही. एका माणसाकडं दोन-दोन विषय, वरून ऑनलाईन माहिती भरायची कामं. पण फिरणारी मोटार एकदाही न बघता लेकरू परीक्षेत मोटारीचं कार्य लिहितं, ही गोष्ट मनाला लागली.

त्याच महिन्यात गावातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्यानं मुलासाठी एका कंपनीचा मोबाईलवरचा कोर्स हप्त्यावर घेतला. सोयाबीनचे पैसे आले अन् पहिला हप्ता गेला. दोन महिन्यांत पोरानं उघडणं बंद केलं, हप्ते मात्र चालूच. म्हणून ठरवलं, फुकटात अन् मराठीत काय मिळतं ते आपणच शोधायचं. चार-पाच महिने लेकीला सोबत घेऊन जे पाहिलं, वापरलं, तेच इथं सांगतोय.

सुरुवात घरातल्या पुस्तकापासून

बालभारतीच्या पुस्तकात धड्याजवळ काळा-पांढरा चौकोनी क्यूआर कोड छापलेला असतो. बऱ्याच घरांत तो पाच वर्षं नुसता बघितला जातो. मोबाईलमध्ये 'दीक्षा' नावाचं सरकारी अॅप घ्यायचं. केंद्र सरकारनं ते २०१७ मध्ये सुरू केलं. भाषा मराठी निवडायची, मंडळ, माध्यम अन् इयत्ता भरायची आणि तो कोड स्कॅन करायचा. त्या धड्याचे व्हिडिओ, सराव प्रश्न समोर येतात. पैसे लागत नाहीत.

पुस्तक फाटलं, हरवलं किंवा मिळालंच नाही, तर 'ई-बालभारती'च्या संकेतस्थळावरून सगळी पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये उतरवून घेता येतात. मागच्या इयत्तांचीही मिळतात, आणि ते फार कामाचं आहे. दहावीतल्या पोराला विजेचा धडा कळत नसेल तर पुष्कळदा अडचण दहावीत नसते, सातवी-आठवीत राहून गेलेली असते. तिथून पुन्हा वाचलं की गाडी पुढं सरकते.

कचऱ्यातून विज्ञान

आता ज्यानं आमच्या घरात खरा फरक पडला ते सांगतो. अरविंद गुप्ता हे कानपूर आयआयटीतून १९७५ साली बाहेर पडलेले इंजिनिअर. मोठ्या कारखान्यातली नोकरी सोडून त्यांनी काडीपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचे तुकडे, रिकाम्या बाटल्या, जुनी वर्तमानपत्रं यांतून विज्ञानाची खेळणी करायला सुरुवात केली. पुण्यात 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था आहे, डॉ. जयंत नारळीकरांनी उभी केलेली. तिथल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत गुप्ता यांनी बरीच वर्षं काम केलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं 'अरविंद गुप्ता टॉइज डॉट कॉम' हे संकेतस्थळ सगळ्यांसाठी खुलं आहे. खेळणी कशी करायची त्याचे एक-दोन मिनिटांचे व्हिडिओ आणि हजारो पुस्तकं तिथं आहेत, त्यात मराठीही भरपूर.

त्यातली मोटार आम्ही केली. सामान असं : दीड व्होल्टचा एक मोठा सेल, दोन सेफ्टी पिना, एक रबर बँड, जुन्या स्पीकरमधला चुंबक आणि साधारण एक-सव्वा मीटर वाइंडिंगची तार. तार रिवाइंडिंगच्या दुकानात भंगारात पडलेली असते. पण एक लक्षात ठेवा. सबमर्सिबलची तार जाड अन् प्लॅस्टिक गुंडाळलेली असते, ती चालत नाही. पंख्याची बारीक, वार्निश चढवलेली तांब्याची तार मागा.

तारेचे आठ-दहा वेढे सेलवरच गुंडाळून गोल वेटोळं करायचं. दोन्ही टोकं समोरासमोर सरळ बाहेर काढायची. एका टोकावरचं वार्निश पूर्ण खरवडायचं. दुसऱ्या टोकावरचं फक्त अर्ध्या बाजूचं खरवडायचं, अर्ध्या बाजूला तसंच ठेवायचं. सगळी मेख इथंच आहे. सेलच्या दोन टोकांना रबर बँडनं पिना बसवायच्या, मध्ये चुंबक ठेवायचा आणि पिनांच्या भोकात वेटोळ्याची टोकं अडकवायची. बोटानं हलका धक्का दिला की वेटोळं फिरायला लागतं.

का फिरतं? तारेतून वीज गेली की वेटोळं स्वतःच चुंबकासारखं वागतं आणि खालचा चुंबक त्याला ढकलतो. पण वीज सारखी चालू राहिली तर ते एका जागी येऊन थांबेल. अर्ध्या बाजूचं वार्निश अर्ध्या फेऱ्यात वीज तोडतं. तेवढा वेळ वेटोळं मिळालेल्या वेगानं पुढं जातं, मग पुन्हा वीज लागते, पुन्हा धक्का. आमची पहिल्यांदा फिरली नाही. लेकीनं दोन्ही टोकं पूर्ण खरवडली होती. चूक तिची तिनंच शोधली, अन् 'अर्धं का ठेवायचं' हे आता ती जन्मात विसरणार नाही.

विहिरीतल्या मोटारीचं थोडं वेगळं असतं. तिला मिळणारी वीज स्वतःच सेकंदाला ५० वेळा आवर्तन करते. त्यामुळं आतलं चुंबकत्वच गोल फिरतं आणि मधला रोटर त्याच्या मागं ओढला जातो. एखादा फेज गेला किंवा व्होल्टेज पडलं की मोटारीचा जोर कमी पडतो, ती जास्त करंट ओढते, तार तापते, वरचं आवरण वितळतं आणि मोटार जळते. हे मला लेकीच्या धड्यामुळं कळलं. स्टार्टरमधलं संरक्षण काढून मोटार थेट जोडणाऱ्यांनी एवढा धडा वाचावाच.

सावधगिरी : हे सगळं सेलवरच करायचं. घरातल्या बोर्डाला कुठलीच तार लावायची नाही. तार फार वेळ जोडून ठेवली तर सेल तापतो, म्हणून मध्ये मध्ये काढायची. बारके चुंबक लहान लेकरांच्या हाती देऊ नका, गिळले तर जिवावर बेततं.

प्रयोगशाळा नसेल तर

प्रत्येक शाळेत प्रयोगाचं सामान असतंच असं नाही. त्यासाठी 'फेट' नावाचं संकेतस्थळ बघा. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठानं ते २००२ मध्ये सुरू केलं. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांची ती कल्पना. पडद्यावर सेल, तार, बल्ब बोटानं ओढून जोडायचे, बल्ब पेटतो की नाही ते बघायचं. चुकीचं जोडलं तरी काही जळत नाही. त्यातले बरेच प्रयोग मराठीत केलेले आहेत आणि एकदा उतरवून घेतले की नेटशिवाय चालतात. हाताची सर याला येत नाही, पण फळ्यावरच्या आकृतीपेक्षा कितीतरी बरं.

'खान अकॅडमी' मराठीतही उघडते. गणित कच्चं असलेल्यांनी तिथून सुरुवात करावी, कारण विज्ञानातली निम्मी गणितं तिथंच अडतात. बारक्या लेकरांसाठी प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' आहे. झाडं, किडे, आकाश यांवरच्या चित्रांच्या गोष्टी मराठीत, फुकट.

गुरुजी आणि मॅडमसाठी

शिक्षकांच्या कामाचं पुष्कळ आहे. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, १९७४ पासूनचं. विज्ञान कसं शिकवावं यावरच तिथं काम चालतं आणि ऑलिंपियाडच्या जुन्या प्रश्नपत्रिका त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात. पुण्याहून निघणारं 'शैक्षणिक संदर्भ' हे मराठी नियतकालिक खास शिक्षक-पालकांसाठी आहे. मध्य प्रदेशातल्या 'एकलव्य' संस्थेनं खेड्यातल्या शाळांसाठी केलेली 'बाल वैज्ञानिक' ही पुस्तकं हिंदीत आहेत, पण प्रयोग आपल्या मातीतले वाटतात. एखादी संकल्पना मुळातून समजून घ्यायची तर मराठी विश्वकोशाचे वीसही खंड आता मोबाईलवर वाचता येतात. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करते, तिचीही 'पत्रिका' आहे.

आणखी एक. सहावीपासून पुढच्या पोरांकडं काही नवी कल्पना असेल तर शाळेमार्फत 'इन्स्पायर अवॉर्ड मानक'साठी ऑनलाईन पाठवता येते. निवड झाली तर प्रतिकृती करायला १० हजार रुपये मिळतात. खुरपणीचं, मिरची तोडण्याचं काही सोपं अवजार आपल्या तालुक्यातल्या पोराला नाही सुचणार तर कुणाला सुचणार?

शोधायचं कसं?

इथं आम्ही बरेच दिवस फसलो. मराठीत शोधून व्हिडिओ कमी मिळाले की पोरं हिंदीकडं वळतात, पण शब्द बदलतात. आपल्या पुस्तकात 'पेशी' म्हणजे सजीवाचा सगळ्यात लहान घटक. हिंदीत त्याला 'कोशिका' म्हणतात, अन् तिकडं 'पेशी' म्हटलं की स्नायू समोर येतो! आपली 'ऊती' तिकडं 'ऊतक', आपलं 'मूलद्रव्य' तिकडं 'तत्व', 'संयुग' तिकडं 'यौगिक', 'घनता' तिकडं 'घनत्व' आणि 'आम्लारी' तिकडं 'क्षारक'. हे शब्द वहीच्या शेवटच्या पानावर जोडीनं लिहून ठेवा. शोधताना नुसतं 'वीज' न लिहिता धड्यातला नेमका शब्द आणि इयत्ता लिहा. टाईप होत नसेल तर माईकचं बटण दाबून मराठीत बोला.

खरं कोणतं, खोटं कोणतं?

दर जुलैत आपल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो : पृथ्वी सूर्यापासून लांब गेली, म्हणून थंडी वाढणार, सर्दी-ताप येणार. तपासून बघा. पृथ्वी जुलैच्या सुरुवातीला सूर्यापासून सर्वांत लांब असते हे खरं. ते अंतर सुमारे १५.२१ कोटी किलोमीटर असतं. पण सर्वांत जवळ ती जानेवारीच्या सुरुवातीला असते, सुमारे १४.७१ कोटी किलोमीटर. आता सांगा, आपल्याकडं हरभऱ्याला थंडी कधी पडते? जानेवारीत! म्हणजे थंडी अंतरामुळं पडत नाही. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, त्यामुळं ऋतू होतात. हे आपल्या शाळेच्या पुस्तकातच आहे.

म्हणून लेकरांना तीन प्रश्न विचारायची सवय लावा. हे कुणी सांगितलं? पाठ्यपुस्तकाशी जुळतं का? आपल्याला स्वतः करून बघता येईल का? आणि शिकवण्याच्या नावाखाली कुणी ओटीपी, आधार किंवा बँकेची माहिती मागत असेल तर तिथंच बंद करा. वर सांगितलेल्यांपैकी नुसतं बघायला-वाचायला कुणीही बँकेची माहिती मागत नाही.

नेट अन् लाईट नसेल तर

आपल्याकडं शेतवस्तीवर रेंज नसते, हे खरंच. दीक्षावरचे धडे, पुस्तकांच्या पीडीएफ गावात रेंज असताना उतरवून ठेवता येतात. 'किविक्स' नावाच्या अॅपमध्ये अख्खा मराठी विकिपीडिया मोबाईलमध्ये साठवता येतो, नंतर नेट लागत नाही. दिवसाचा डेटा उरतो तो रात्री झोपायच्या आधी या कामाला लावा. शाळेत लोकवर्गणीचा टीव्ही असेल तर पेनड्राईव्हवर भरून वर्गालाच दाखवता येईल.

आणि ज्याला मोबाईलच लागत नाही असाही प्रयोग आहे. मे महिन्यात वीस तारखेच्या आसपास भर दुपारी सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो. अंगणात सरळ काठी उभी करा, काही क्षण तिची सावली गायब होते. सुट्टीत पोरं घरीच असतात. चार-पाच दिवस आधीपासून रोज सावली मोजायला लावा.

पालकांना एवढंच सांगणं

मोबाईल पोरांच्या हातात देऊन आपण शेतात गेलो तर ते विज्ञान बघतील की गेम खेळतील, हे सांगायला ज्योतिषी नको. आठवड्यातून एक दिवस तासभर सोबत बसा. आपल्याला येत नसलं तरी चालतं, मला कुठं येत होतं? शाळा व्यवस्थापन समितीत पालकच जास्त असतात. पुढच्या बैठकीत पोषण आहार अन् रंगरंगोटीसोबत एक प्रश्न विचारा : कपाटातलं विज्ञानाचं सामान या वर्षी किती वेळा बाहेर निघालं? भांडायला नाही, मदत करायला विचारा. तार आणून देणारे आपल्या गावात पुष्कळ निघतील.

आमच्या घरातली ती सेफ्टी पिनांची मोटार लेक शाळेत घेऊन गेली. सरांनी ती वर्गात फिरवून दाखवली आणि दुसऱ्या दिवशी आणखी चार पोरं रिवाइंडिंगच्या दुकानात तार मागायला उभी होती. दुकानदारानं मला फोन करून विचारलं, "काय लावलंय हे?" मी म्हणलं, विज्ञान लावलंय, देऊन टाक हातभर तार.