फुलपाखराचे छायाचित्र : हात न लावता

फुलपाखराचे जवळून छायाचित्र घ्यावयाचे, तर रानोमाळ हिंडलेच पाहिजे असे नाही. परसातील लिंबू किंवा कढीलिंब पुरेसा आहे. काळ्या पंखांवर फिकट पिवळे ठिपके मिरविणारे लिंबावरचे फुलपाखरू याच झाडांच्या कोवळ्या पानांवर अंडी घालते. त्याची अळी प्रथम पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे हिरवीगार होते.

छायाचित्रासाठी सकाळ गाठावी. अंगात ऊब आल्याखेरीज फुलपाखराला उडता येत नाही. तोवर ते स्थिर असते. मॅक्रो भिंगाने मूळ आकाराएवढी प्रतिमा टिपताना एफ ११ इतके छिद्र ठेवले, तरी जेमतेम दीड मिलिमीटर खोलीच सुस्पष्ट येते. म्हणून कॅमेरा पंखांना समांतर धरावा. अन्यथा डोळा स्पष्ट आणि पंख धूसर अशी गत होते.

काही हौशी मंडळी फुलपाखराला शीतकपाटात ठेवून निश्चल करतात. ही रीत आम्हांस मान्य नाही. पंखांचे रंग सूक्ष्म खवल्यांचे असतात. चिमटीत धरताच ते बोटांना लागतात आणि पुन्हा उगवत नाहीत. त्यापेक्षा कोशावर लक्ष ठेवावे. कोशातून निघालेले फुलपाखरू पंख वाळेपर्यंत तेथेच लटकून राहते. तेवढा अवधी उत्तम चित्रास पुरतो.

मात्र त्यासाठी कुरतडलेली पाने पाहून कीटकनाशक फवारण्याचा मोह घरातील सर्वांनीच आवरावयास हवा. दहा-पाच पानांची ही किंमत आम्हांस तरी जड वाटत नाही.