टिकली, पडदा आणि कागद : अमेरिकेतील मतदान यंत्रांवर अधिकार कुणाचा?

नोव्हेंबर २००० मध्ये फ्लोरिडातले मोजणी अधिकारी एकेक मतपत्रिका उजेडासमोर धरून निरखत होते. मतपत्रिका म्हणजे जाड कागदाचे कार्ड. मतदाराने आपल्या उमेदवाराच्या जागी टोचणीने भोक पाडायचे आणि यंत्राने त्या भोकावरून मत वाचायचे. पण कित्येक कार्डांवर कागदाची बारीक टिकली पूर्ण सुटलीच नव्हती. कुठे एका कोपऱ्याला लोंबत होती, कुठे नुसती दबली होती. यंत्राला मत दिसत नव्हते, डोळ्यांना दिसत होते.

राज्याचा कायदा सांगत होता, मतदाराचा हेतू स्पष्ट असेल तर मत धरा. हेतू कशावरून ओळखायचा हे मात्र विधिमंडळाने लिहिलेच नव्हते. त्यामुळे एका काउंटीत ग्राह्य ठरणारे कार्ड दुसरीत बाद होई. पाम बीच काउंटीने तर मोजणी चालू असतानाच निकष बदलले. जॉर्ज बुश यांची आघाडी अवघी ५३७ मतांची होती आणि फ्लोरिडाच्या २५ इलेक्टरांवर, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींवर, राष्ट्राध्यक्षपद अडले होते. १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने फेरमोजणी संपवली. निकषांतली तफावत समानतेच्या तत्त्वात बसत नाही, असे सात न्यायमूर्तींना वाटले. मोजणीला आणखी वेळ द्यायचा नाही, हे मात्र पाच विरुद्ध चार मतांनी ठरले.

या प्रकरणात बदनाम झाली ती टिकली. माझ्या मते खरी चूक त्याआधीची, नियम अर्धवट सोडणाऱ्या विधिमंडळाची होती. कारण अधिकार त्याचाच होता. राष्ट्राध्यक्ष निवडणारे इलेक्टर प्रत्येक राज्य आपल्या विधिमंडळाने ठरवलेल्या पद्धतीने नेमील, असे अमेरिकेच्या राज्यघटनेचा दुसरा अनुच्छेद म्हणतो. त्या वाक्यात मतदारांचा उल्लेखही नाही. सुरुवातीला अनेक राज्यांत आमदारच इलेक्टर निवडत. १७८९ च्या पहिल्या निवडणुकीत न्यूयॉर्कच्या दोन सभागृहांचे एकमत झाले नाही आणि त्या राज्याकडून इलेक्टर गेलेच नाहीत. साउथ कॅरोलिनात ही पद्धत १८६० पर्यंत चालली. आज सर्व राज्यांत लोक मत देतात, ते विधिमंडळांनी तसे कायदे केले म्हणून.

काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, निवडणुकांचे तसे नाही. तिथे राज्यांनी केलेले नियम काँग्रेस बदलू शकते. पण दोन्ही निवडणुका एकाच दिवशी, एकाच मतपत्रिकेवर होतात, म्हणून यंत्रेही एकच. २००२ मध्ये काँग्रेसने भोकाची कार्डे आणि जुनी खटक्यांची यंत्रे मोडीत काढण्यासाठी राज्यांना पैसा दिला, संघीय निवडणुकांतल्या यंत्रांसाठी काही किमान अटी घातल्या आणि एक साहाय्य आयोग नेमला. मात्र या आयोगाचे सविस्तर तांत्रिक निकष ऐच्छिक आहेत. राज्याने आपल्या कायद्यात घेतले, तरच ते तिथे बंधनकारक होतात.

आपल्याकडे पारडे उलटे आहे. संसदेने तरतूद केली नसेल तिथेच विधानसभेच्या निवडणुकांसाठी राज्याला कायदा करता येतो, असे राज्यघटनेचे कलम ३२८ सांगते. फेब्रुवारी २०२१ मध्ये महाराष्ट्र विधानसभेचे तेव्हाचे अध्यक्ष नाना पटोले यांनी ईव्हीएमबरोबर मतपत्रिकेचाही पर्याय देणारा कायदा तयार करण्याची सूचना केली, ती याच कलमाच्या आधारे. पण यंत्रांची तरतूद संसदेने १९८८ च्या दुरुस्तीनेच लोकप्रतिनिधित्व कायद्यात केली होती.

पुन्हा फ्लोरिडाकडे. १२ डिसेंबर २००० रोजीच तिथल्या प्रतिनिधी सभागृहाने बुश यांचे इलेक्टर स्वतःच नेमण्याचा ठराव ७९ विरुद्ध ४१ मतांनी मंजूर केला. त्याच रात्री निकाल आला आणि सिनेटवर मतदानाची वेळ आली नाही. लोकांनी मत दिल्यानंतर आमदारांनी इलेक्टर नेमायला निघावे, हे मला त्या पूर्ण प्रकरणातले सर्वांत धोकादायक पाऊल वाटते. २०२० मध्ये काही राज्यांच्या आमदारांवर असाच दबाव आला. एकाही विधिमंडळाने तो मानला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये काँग्रेसने कायदा बदलून मतदानाच्या दिवसाआधी केलेले नियमच इलेक्टर नेमताना लागू होतील, असे ठरवले. काँग्रेसच्या निवडणुकांचे नियम करताना विधिमंडळ राज्याच्या घटनेच्या आणि न्यायालयांच्या वर नसते, असे २०२३ च्या मूर विरुद्ध हार्पर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितले.

यंत्रांचे काय झाले? फ्लोरिडाने २००१ मध्ये भोकाच्या कार्डांवर बंदी घातली. अनेक काउंट्यांनी पडद्याला स्पर्श करून मत देण्याची यंत्रे घेतली. २००६ मध्ये सारासोटा काउंटीत काँग्रेसच्या जागेसाठी सुमारे १८,००० मतदारांचे मतच नोंदले गेले नाही आणि निकाल लागला ३६९ मतांनी. नंतरच्या संघीय तपासणीत यंत्रांत बिघाड आढळला नाही. पडद्यावरच्या मांडणीमुळे ती लढत अनेकांच्या नजरेतून निसटली, असे बऱ्याच अभ्यासकांना वाटते. खात्री करायला कागद नव्हता. २००० मध्ये निदान कार्ड तरी हातात धरता येत होते. २००७ मध्ये विधिमंडळाने कागदी मतपत्रिका परत आणली.

जॉर्जियाने २००२ पासून कागदाविना चाललेली यंत्रे २०१९ च्या कायद्याने बदलली. म्हणूनच २०२० मध्ये सुमारे ५० लाख मते हाताने पुन्हा मोजता आली आणि निकाल कायम राहिला. नव्या यंत्रातून निघणाऱ्या कागदावर निवडलेली नावे छापलेली असतात, पण मोजले जात होते ते शेजारच्या क्यूआर कोडमधले मत, जे मतदाराला वाचता येत नाही. १ जुलै २०२६ पासून कोडवरून मोजणी करायची नाही, असे तिथल्या विधिमंडळाने २०२४ मध्ये लिहून ठेवले. ही मुदत पाळायची तर मोजणीची व्यवस्था बदलायला हवी होती, आणि त्यासाठीचा पैसा मंजूर करणे हेही विधिमंडळाचेच काम होते.