मेंढीच्या पाठीवरचे मीठ

लडाखमधल्या रुमत्सेपासून त्सो मोरीरीपर्यंतची आठवडाभराची पदयात्रा हल्ली वाटाड्या, घोडेवाला आणि तंबूसह विकत घेता येते. जाहिरातीत तिला ‘साहस’ म्हणतात. बहुतेक खिंडी 5000 मीटरांच्या वर, तेव्हा शब्द चुकीचा नाही. अपुरा मात्र आहे. कारण ही वाट मूळची रुपशूतल्या चांगपा पशुपालकांची.

वाटेवर त्सो कार हे खारे सरोवर लागते. त्याच्या काठचे मीठ चांगपा गोळा करत, लोकरीच्या जोडपिशव्यांत भरून मेंढ्या-बकऱ्यांवर लादत आणि झांस्करसारख्या खोऱ्यांत नेऊन त्याबदली जव आणत. पठारावर धान्य जवळजवळ नाही, खोऱ्यात मीठ नाही, गणित एवढेच. एक मेंढी वाहून वाहून किती वाहणार? पण कळप मोठा असतो, आणि तो चरत चरत चालतो. म्हणून मुक्काम पाणी आणि गवत पाहूनच. आजचे तळही बहुधा तसेच पडतात. घोड्यांनाही तेच लागते.

आपल्याकडे लमाणांचे तांडे बैलांवर मीठ लादून कोकणातून घाट चढत. रेल्वेने ते संपवले. इकडे 1962 च्या युद्धानंतर तिबेटची सीमा मिटली, मग सडका आल्या आणि ट्रकमधून स्वस्त धान्य व समुद्रकाठचे मीठ. शेजारच्या खारनाकची कितीतरी कुटुंबे कळप विकून लेहजवळ खारनाकलिंगला स्थिरावली. जे मागे राहिले, त्यांचा आधार आता पश्मिना. पाणी-गवताची जुनी माहिती मोलाची आहेच, फक्त तिची मजुरी आता पदयात्रीकडून मिळते, तीही उन्हाळ्यापुरती.