ऑपरेशनात उरलंसुरलं ऐकू येणं वाचतं का?

लिंबागणेशला एका वस्तीवर आम्ही बसलो होतो. तीन वर्षांच्या मुलीला मांडीवर घेऊन एका आईनं विचारलं, "भीमजयंतीला ढोल वाजला की ही वळून बघती. ट्रॅक्टर आला तरी तिला कळतं. पण नावानं हाक मारली तर काहीच नाही. आता डॉक्टर कानात तार घालायची म्हणतेत. त्यानं हे ढोलाचं बी जाईल का हो?"

कॉक्लिअर इम्प्लांटच्या कागदांवर सह्या करणाऱ्या फार थोड्या पालकांना हा प्रश्न सुचतो.

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी, सुमारे अडीच वेढ्यांची नळी असते. तिच्या तोंडाशी 'स', 'श' असे बारीक आवाज टिपणाऱ्या पेशी असतात. शेवटच्या टोकाशी ढोल-ट्रॅक्टरसारखे जाड आवाज टिपणाऱ्या. पुष्कळ मुलांमध्ये तोंडाशी असलेल्या पेशी गेलेल्या असतात आणि टोकाच्या काही जिवंत राहतात. इम्प्लांटची तार तोंडाकडूनच आत सरकवतात. तेव्हा आतला नाजूक पडदा दुखावू शकतो. पुढचे काही दिवस सूज राहते आणि कधी कधी काही महिन्यांनी तारेभोवती कडक ऊती वाढतात. आईची भीती खोटी नव्हती.

ही सूज आवरायला स्टेरॉईड देतात. त्यातलं डेक्सामेथासोन हे नाव २०२० साली कोरोनात घरोघरी पोहोचलं होतं. औषध जुनं आणि स्वस्त आहे. कोणी ऑपरेशनच्या आधी शिरेतून देतात, कोणी तार घालताना आतल्या कानाच्या खिडकीवर थेंब सोडतात, कोणी नंतर काही दिवस गोळ्या किंवा पातळ औषध देतात. हेच औषध हळूहळू झिरपवणाऱ्या तारांच्या चाचण्याही माणसांवर झाल्या आहेत. पेसमेकरच्या तारांत ही युक्ती १९८० च्या दशकापासून आहे.

गुण येतो का? प्राण्यांवरच्या प्रयोगांत चांगला आला. माणसांत काही अभ्यासांत जास्त ऐकू येणं टिकलं, काहींत फारसा फरक दिसला नाही. डोस किती आणि किती दिवस, यावर डॉक्टरांचंही एकमत नाही. म्हणून "औषध दिलं की शंभर टक्के वाचणार" असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. औषधाइतकाच सर्जनचा हात महत्त्वाचा. जर्मनीतल्या हॅनोव्हरचे डॉ. लेनहार्ट यांनी १९९३ मध्ये कान कमीत कमी दुखावणारी पद्धत मांडली. तार सावकाश सरकवणं हा आज त्या पद्धतीचा मोठा भाग मानला जातो.

आम्ही त्या आईला सांगितलं ते असं. ऑपरेशनआधीच्या तपासणीत जाड आवाज किती ऐकू येतात ते लिहून घ्या. सर्जनना सरळ विचारा: स्टेरॉईड देणार का, कधी, किती दिवस? मुलीला ताप, कान वाहणं, घरात टीबी, यातलं काहीही असेल तर आधी सांगा, कारण स्टेरॉईडनं जंतुसंसर्ग बळावू शकतो. डोस वजनावर ठरतो. उरलेलं औषध मनानं पुढे चालू ठेवू नका. मेंदूज्वर टाळणारी न्यूमोकोकल लस ऑपरेशनआधी झालीय का, तेही बघा.

कोणीतरी तिला म्हणालं होतं, "ऑपरेशन होणारच आहे, आता कानाचं मशीन कशाला?" हे आम्हाला पटत नाही. जे ऐकू येतं त्याची सवय मेंदूला राहायला हवी. मशीन चालूच ठेवा. जाड आवाज टिकले तर पुढे त्याच कानात मशीन आणि इम्प्लांट दोन्ही चालवता येतात. नाही टिकले तरी इम्प्लांट आपलं काम करतंच, कारण ते थेट नसेला संदेश देतं. उरलेलं जाईल या भीतीनं ऑपरेशन लांबवणं जास्त महाग पडतं. भाषा शिकायचं वय थांबत नाही.

खर्चासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. केंद्राची एडिप योजना आहे, तिचं काम मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेकडे आहे. वयाची अट असते. अंगणवाडीत तपासणीचं पथक येतं तेव्हा आपली किती लेकरं आईबापांसोबत कारखान्यावर असतात, हे बीडच्या माणसाला सांगायला नको.

इम्प्लांट सुरू होतं ते ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी आणि मग बोलायला शिकवण्याचे वर्ग बराच काळ चालतात. दिवाळीनंतर कोयता घेऊन निघायचं की नाही, याचा हिशेब त्या घरात अजून चालू आहे. आजी म्हणाली, "मी राहते हिच्यासंगं, पण ते मशीन लावायचं मला कोण शिकवणार?"