दहा पिना आणि एक खटका

अमेरिकेंतील बोलिंगच्या दालनांत पूर्वीं मार्गाच्या पलीकडच्या टोकास एक पोरगा बसलेला असे. चेंडू आदळला कीं त्यानें खड्ड्यांत उतरावें, पडलेल्या पिना उचलाव्या, चेंडू परत धाडावा. फ्रेड श्मिट नांवाच्या कल्पक गृहस्थानें त्याचें काम करणारें यंत्र रचलें. १९४६ सालीं बफेलो शहरीं तें लोकांस दाखविण्यांत आलें, आणि पुढील दशकांत तीं पोरें दिसेनाशीं होऊं लागलीं.

हा खेळ आतां आपल्याकडेही आला आहे. नातवाच्या आग्रहास्तव आम्ही एकदां तो पाहावयास गेलों, तेव्हां मनांत आलें कीं, पोरास डोळे होते, यंत्रास ते नाहींत. मग कोणती पिन उभी आहे हें त्यास कळतें कसें?

पंधरा इंच उंचीच्या दहा पिना साठ फुटांवर त्रिकोणांत मांडलेल्या असतात. चेंडू मागील जाड पडद्यावर आदळला कीं पडदा सरकतो व त्यास जोडलेला खटका दाबला जातो. कित्येक यंत्रांत याऐवजीं मार्गाच्या आरपार प्रकाशाची रेघ सोडलेली असते. चेंडूनें ती तोडली कीं यंत्र जागें होतें. प्रथम एक आडवा दांडा पुढें उतरून वाट अडवितो. मग वरून दहा पकडींचें मेज खालीं येतें. पिन उभी असेल तेथें ती पकडींत सांपडते आणि तेथील खटका दाबला जातो. नसेल तेथें खटका स्वस्थ राहतो. मेज उभ्या पिना वर उचलून धरतें, दांडा पडलेल्या झाडून खड्ड्यांत लोटतो, आणि उभ्या पिना पुनः जागेवर येतात. एखादी पिन फार सरकलेली असली तर मात्र ती पकडींत येत नाहीं, आणि यंत्राचा नित्यक्रम तेथेंच मोडतो.

खटक्याच्या पोटांत लवचिक पट्टी असते. दाब हळूहळू वाढला तरी ती एका विशिष्ट क्षणीं झटकन् उडी घेते. संथपणें जोडणी झाली असती तर ठिणग्यांनीं तिचीं टोकें लवकर जळालीं असतीं.

आतां मौज पाहा. दहाही खटके स्वस्थ राहिले तर सर्व पिना पडल्या, असें यंत्र मानतें. भूतलावर घट नाहीं, हें ज्ञान कशानें होतें, हा आपल्याकडील जुना वाद. भाट्ट मीमांसक त्यासाठीं अनुपलब्धि हें स्वतंत्र प्रमाण मानतात. पण अट अशी कीं, घट असता तर तो दिसलाच असता, अशी स्थिति हवी. यंत्राची तार तुटली तर ही अटच मोडते. पिन समोर उभी असते आणि खटका मुकाच राहतो.

पिनेच्या बाबतींत यामुळें फार तर गुण चुकतील. परंतु आंत माणसाचा हात असेल तर? असल्या यंत्रांत सांपडून माणसें मेलेलीं आहेत. म्हणून संरक्षक जाळीच्या खटक्याची मांडणी नेमकी उलट असते. जाळी जागेवर असेल तोंवरच त्यांतून वीज वाहते. जाळी निघो कीं तार तुटो, वीज खंडित होऊन यंत्र थांबतें. येथें मौनाचा अर्थ ‘कोणी नाहीं’ असा न घेतां ‘धोका आहे’ असा घेतलेला असतो. घाईंत कोणी हा खटका दोऱ्यानें बांधून ठेवला तर ही सारी योजना व्यर्थ होते. जाणता कारागीर त्यावरही विसंबत नाहीं. तो मुख्य वीज तोडतो, तेथें कुलूप घालतो, किल्ली स्वतःच्या खिशांत टाकतो, आणि मगच आंत हात घालतो.