रविवारची ड्युटी

मिरजेच्या मिशन हॉस्पिटलचा इतिहास सांगायला बसलेला माणूस डॉ. विल्यम वानलेस यांच्यापासून सुरुवात करतो आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतो. कॅनडात जन्मलेले हे शल्यचिकित्सक १८८९ साली भारतात आले. १८९४ मध्ये मिरजेत त्यांचं रुग्णालय सुरू झालं आणि पुढे मिरज-सांगलीच्या मधल्या क्षयरोग रुग्णालयाभोवतीची वस्ती वानलेसवाडी म्हणून नकाशावर आली. हा मान त्यांचा होताच. पण ऑपरेशन झालेल्या माणसाची पहिली रात्र कोण काढत होतं? ड्रेसिंग कोण बदलत होतं, शुद्धीवर येताच पाणी मागणाऱ्याला ते न देता समजावत कोण बसत होतं? त्या नर्सेसच्या नावाची वाडी कुठे नाही. महाराष्ट्रातल्या मराठी मंडळ्या, म्हणजे आपली प्रोटेस्टंट चर्चं, ज्यांच्या पगारावर आणि रजेच्या दिवसांवर उभी राहिली त्यांत या बायकांचा वाटा मोठा आहे, आणि त्याची नोंद फार थोडी.

या धंद्यात सुरुवातीला ख्रिस्ती बायकाच का आल्या, याचं उत्तर श्रद्धेत जितकं आहे तितकंच जातीत आहे. परक्या पुरुषाचं अंग पुसायचं, मलमूत्राचं भांडं उचलायचं, कुठल्याही जातीच्या माणसाला हात लावायचा आणि वर रात्रभर घराबाहेर राहायचं. एकोणिसाव्या शतकातल्या घरंदाज कुटुंबाला यातलं एकही झेपणारं नव्हतं. सुईण सगळ्यांना हवी असे, पण मागच्या दाराने. मिशनच्या अनाथाश्रमांत मात्र दुष्काळाने पोरक्या केलेल्या मुली होत्या, बालविधवा होत्या, नव्याने ख्रिस्ती झालेल्या महार-मांग कुटुंबांतल्या लेकी होत्या. केडगावच्या मुक्ती सदनासाठी पंडिता रमाबाईंनी १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या. अशा मुलींपुढे शिक्षिका, बायबल सांगत गावोगाव फिरणारी बाई आणि नर्स अशा मोजक्याच वाटा होत्या. पगार, राहायला जागा आणि अंगावर पांढरा गणवेश, एवढं एकदम देणारं दुसरं काम तेव्हा त्यांच्यासाठी कुठे होतं?

हिंदू घरांतल्या बायकांसाठी हे दार पुढे पुण्याच्या सेवासदनाने उघडलं. रमाबाई रानडे यांच्या या संस्थेने विधवांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवलं, तेव्हा समाजात कुजबूज झालीच. ख्रिस्ती बायकांनी ती कुजबूज त्याआधीच पचवली होती.

युरोपातही नर्सिंगचा पाळणा चर्चमध्येच हलला. जर्मनीतल्या कायझर्सवर्थ इथे थिओडोर फ्लीडनर या पाळकाने १८३६ साली सेविकांची संस्था काढली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५० मध्ये तिथे जाऊन आली आणि पुढच्या वर्षी काही महिने राहून शिकली, तेही घरच्यांची नाराजी पत्करून. त्या संस्थेत सेविकेने लग्न केलं की तिला सेवा सोडावी लागे. कॅथलिक सिस्टरांना तर संसाराचा प्रश्नच नव्हता. म्हणजे रुग्णसेवा आणि देवाची सेवा एकत्र नांदत होत्या, घर तेवढं बाहेर ठेवलं होतं.

मराठी मिशनमधल्या नर्सने मात्र या तिन्ही गोष्टी एकाच दिवसात बसवल्या, आणि माझ्या मते तिची खरी कामगिरी हीच. नवरा बहुधा मिशनच्याच शाळेत मास्तर, नाहीतर कंपाउंडर, ड्रायव्हर किंवा पाळक. पाळकाचा पगार मुळात तुटपुंजा, तोही मंडळीच्या वर्गणीवर अवलंबून. घरात महिन्याच्या महिन्याला नक्की येणारी रक्कम सिस्टरचीच. त्यातून धाकट्या भावाची फी, नणंदेचं लग्न, गावाकडच्या घराचे पत्रे आणि दशांश. दशांश आधी बाजूला काढायचा, उरलेल्यात घर, असा अनेक घरांतला शिरस्ता. नवऱ्याला नाइट ड्युटी आवडो न आवडो, पगार आवडत असे.

उपासना रविवारी सकाळी आणि मॉर्निंग ड्युटीही रविवारी सकाळी, हा तिढा पिढ्यान्‌पिढ्या तसाच आहे. नाइट संपवून, अंघोळ करून थेट उपासनेला येणारी आणि उपदेशात डुलकी लागली म्हणून शेजारणीचा कोपरा खाणारी सिस्टर कुठल्याही मराठी मंडळीत भेटेल. उत्तम शुक्रवारी बारा ते तीन सप्तवचनांची उपासना असते. दोनला सुटलेली सिस्टर शेवटच्या दोन वचनांना पोचते, तीही हॅंडओव्हर वेळेत झाला तर. तरीही महिला संघाची खजिनदार तीच, शब्बाथशाळेत तीच, मार्चच्या पहिल्या शुक्रवारच्या जागतिक प्रार्थना दिनाची तयारी तिच्याच घरी. उपासना सुटल्यावर बाहेरच्या बाकावर बसून म्हाताऱ्यांचं बीपी तपासणारीही तीच. मंडळीत कोण आजारी आहे हे पाळकाच्या आधी तिला कळलेलं असतं. निर्णय घेणाऱ्या समितीत मात्र बराच काळ कोट घातलेले वडीलजनच दिसत. यावर चर्चमध्ये मोकळेपणाने बोललं जात नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

पगाराचंही तसंच. तिच्या त्यागाचं इतकं कौतुक झालं की तिला किती मिळतं हे विचारणं कुणाला शोभेना. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया ही संघटना १९०८ पासून आहे. तिच्याच याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सरकारला समिती नेमायला सांगितलं आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला महिना किमान वीस हजार रुपये मिळावेत, अशी शिफारस त्या समितीने केली. शिफारशीचा पगार हाती पडलेली नर्स शोधावी लागते. धर्मादाय रुग्णालयं चालवणाऱ्या संस्थांनीही याचं उत्तर द्यायला हवं. देणग्या आटल्या, हे कारण खरं असलं तरी ते दरवेळी सिस्टरच्याच पाकिटातून का वळतं करायचं?

श्रद्धेचं काम खाटांपलीकडे गेल्याचं ठळक उदाहरण नगर जिल्ह्यातल्या जामखेडचं. वेल्लोरला शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथे गावातल्याच बायका, त्यांतल्या कित्येक निरक्षर आणि दलित, आरोग्यसेविका झाल्या. शिकलेल्या नर्सला अशा बाईशेजारी जमिनीवर बसून तिला शिकवायचं होतं आणि तिच्याकडून गाव शिकून घ्यायचं होतं. टोपी आणि पट्ट्यातून मिळवलेला दर्जा उतरवून ठेवणं हे बेडपॅन उचलण्याइतकं सोपं नसावं. नगर शहरातल्या साल्व्हेशन आर्मीच्या बूथ हॉस्पिटलने २०२० मध्ये कोरोनाचे रुग्ण घेतले तेव्हा महिन्या-महिन्यांचा भार असाच सिस्टर-ब्रदरांवर आला.

आता मिशनच्या नर्सिंग स्कूलमध्ये सगळ्या जातिधर्मांच्या मुली दिसतात, मुलगेही. ख्रिस्ती सिस्टरांच्या लेकी आखातात नाहीतर इंग्लंडमध्ये पोचल्या आहेत आणि गावच्या मंडळीच्या छपरासाठी तिथून पैसे पाठवतात. वॉर्डातलं ड्युटीचं वेळापत्रक लावणं मात्र अजून इन्चार्जच्या हातात आहे. लक्ष्मीपूजनाची रात्र ख्रिस्ती सिस्टर मागून घेते, चोवीस डिसेंबरची रात्र तिची हिंदू मैत्रीण. ईदचं सगळ्यांना आधी विचारून ठेवावं लागतं, कारण चंद्र दिसल्याशिवाय तारीख पक्की होत नाही आणि मेट्रनला तर यादी आठवडाभर आधी लागते.